कपाटाची किल्ली : सात क्लबांच्या एका झोनचं प्रकरण

२०२३ चा नोव्हेंबर. मध्य प्रदेशात विधानसभेचं मतदान १७ तारखेला होऊन गेलं होतं, निकाल लागायचा होता आणि घरोघरी तुळशीच्या लग्नाची गडबड चालली होती. रात्री साडेनऊला इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. सासऱ्यांना फुप्फुसाचा जुना आजार. त्याच संध्याकाळी दवाखान्यातून घरी सोडलं होतं, चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं : ऑक्सिजन, मिनिटाला दोन लिटर, रोज निदान पंधरा तास. भाड्याचं मशीन दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होतं. मधली रात्र काढायची होती.

"ताई, तुमच्या रोटरीवाल्यांकडे असतात ना ती मशिनं?"

असतात. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, इंदूरच्या जवळपास प्रत्येक क्लबानं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले होते. मी २०२३-२४ मध्ये सात क्लबांच्या झोनची सहायक प्रांतपाल (रोटरीच्या प्रांतप्रमुखाची मदतनीस) होते, म्हणजे हा फोन योग्य ठिकाणी आला होता. मी पहिल्या अध्यक्षांना लावला. "आहेत की, चार आहेत. पण किल्ली मागच्या अध्यक्षांकडे." मागचे अध्यक्ष मुलीकडे पुण्याला. दुसरे म्हणाले, "होऊन जाईल ताई, सकाळी बघतो." (बाहेरच्यांसाठी सांगते : आमच्या इंदुरी मराठीत "होऊन जाईल" हे वाक्य काम होणार नसतं तेव्हा वापरतात.) तिसऱ्या क्लबाचं कपाट एका शाळेत, शाळेला कुलूप. चौथ्या अध्यक्षांनी मात्र स्वतः गाडी काढली, दुकानाच्या माळ्यावरून मशीन उतरवलं आणि अकराच्या सुमारास आम्ही ते राजेंद्रनगरात पोहोचवलं.

मशीन सुरू झालं. पाच-सात मिनिटांनी पिवळा दिवा लागला आणि शिट्टी वाजायला लागली. हवा येत होती, ऑक्सिजन नव्हता. शेवटी त्यांच्याच शेजाऱ्यानं एका नर्सिंग होममधून सिलिंडर आणला. सासरे त्या रात्रीतून निभावले, पण त्यात आम्हां सात क्लबांचा वाटा शून्य होता.

घरी येताना मी मशीनवरचा तासांचा काटा पाहिला होता. अडीच वर्षांत ते ४१ तास चाललं होतं.

हातात काय होतं

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोटरीत माणूस क्लबाचा सभासद असतो आणि क्लब रोटरी इंटरनॅशनलचा. प्रशिक्षणात हे वाक्य सगळे ऐकतात आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरतात. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की क्लबाचा पैसा क्लबाचा आणि क्लबाचं कपाटही क्लबाचं. प्रांतपाल १ जुलैला येतो, ३० जूनला जातो. अध्यक्षाचंही तेच. सहायक प्रांतपालाला प्रांतपाल वर्षभरासाठी नेमतो आणि चार-सहा-आठ क्लब त्याच्या पदरात टाकतो. त्यानं काय करायचं? तिमाहीतून निदान एकदा प्रत्येक क्लबाला भेट द्यायची, अध्यक्षाचं ऐकून घ्यायचं, प्रांतपालाच्या अधिकृत भेटीची तयारी करून घ्यायची, जुलै आणि जानेवारीची वर्गणी वर गेली ना ते पाहायचं. वर्गणी थकवली तर क्लबाची सनद जाऊ शकते. कपाट बंद ठेवलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

मी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली सहा तपासणी विभागात. तिथे मी शाखेत पाऊल टाकलं की मॅनेजर खुर्चीतून उठायचा. इथेही अध्यक्ष उठतात, पण हार घालायला. हा फरक पचायला मला डिसेंबर उजाडला.

फिरत राहणं या संस्थेच्या नावातच आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तिघांना घेऊन पहिली बैठक केली. पुढे बैठका आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत व्हायच्या, म्हणून रोटरी. १९०७ साली त्या क्लबानं जे पहिलं लोकोपयोगी काम हातात घेतलं ते होतं सार्वजनिक शौचालयाचं. स्वच्छतेच्या नंबरावर जीव टाकणाऱ्या इंदूरकरांना मी हे आवर्जून सांगते, बैठकीत झोपलेले दोघे तरी जागे होतात. पण बैठक फिरती ठेवणं वेगळं आणि वस्तूची किल्ली दरवर्षी फिरती ठेवणं वेगळं. शिकागोतल्या चौघांकडे कपाट नव्हतं.

मोजणी

बँकेची सवय म्हणून आधी मोजायला घेतलं. अध्यक्षांनी दिलेल्या याद्यांवर २३ कॉन्सन्ट्रेटर होते. डोळ्यांनी पाहायला मिळाले १७. उरलेले सहा "कोणाला तरी दिलेत". पावती नाही, फोन नंबर नाही. एक तर क्लबाच्याच माजी पदाधिकाऱ्याच्या आईसाठी नेलेला. त्या माउली वारल्या आणि मशीन परत मागायला कोणाला तोंड झालं नाही. तेही मी समजू शकते.

एका विक्रेत्याकडून शुद्धता मोजायचं यंत्र दोन दिवसांसाठी आणलं. चांगल्या स्थितीतलं मशीन नव्वदच्या वर, साधारण ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन देतं. १७ पैकी सात तसे निघाले. चार ८२ ते ९० च्या मध्ये. सहा ८२ च्याही खाली, म्हणजे बहुतेक मशिनांचा धोक्याचा दिवा लागतो तिथे.

कारण सोपं आहे आणि ते आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत होतं. मशीनच्या आत झिओलाइट नावाच्या खनिजाचे बारीक खडे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. हे खडे ओलाव्याला भितात. मशीन अधूनमधून चाललं तर आतला ओलावा बाहेर पडत राहतो. वर्ष-दोन वर्षं बंद ठेवलं, त्यातून माळव्यातले दोन-तीन पावसाळे अंगावर गेले, की खडे ओल धरतात आणि कामातून जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर नॅप्थलिनच्या गोळ्या टाकून जपलेली मशिनंच जास्त खराब निघाली.

आणखी एक गोष्ट दिसली. व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या यांचं कोणाकडेच धड दप्तर नव्हतं आणि त्या मजेत फिरत होत्या, या घरातून त्या घरात. एका वॉकरवर तीन क्लबांचे स्टिकर एकावर एक. महागाची वस्तू तेवढी कुलपात होती. चाळीस-पन्नास हजारांचं मशीन आपल्या वर्षात हरवलं असं नको, म्हणून प्रत्येक अध्यक्षानं ते जपून पुढच्याच्या ताब्यात दिलं होतं. ताब्यात म्हणजे किल्ली दिली. काही वेळा तीही द्यायची राहिली.

पहिला प्रयत्न, जो फसला

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सातही अध्यक्षांना पलासियाला एका हॉलमध्ये जेवायला बोलावलं. मोजणीचे आकडे पडद्यावर दाखवले. उपाय माझ्या मते उघड होता : एक खोली घ्यायची, सगळ्यांचं रुग्णोपयोगी साहित्य तिथे आणायचं, बाहेर झोनचा एक फलक, आत एक माणूस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर आपल्या मेव्हण्याची रिकामी खोलीही देऊ केली.

महिनाअखेरपर्यंत खोलीत एक कॉट आणि दोन कुबड्या आल्या.

मी चिडले आणि पत्र लिहिलं. पत्रात तारीख होती, "अन्यथा" हा शब्द होता. एका अध्यक्षांनी ते पत्र तीन नमस्कारांसह सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. खाली कोणीच काही लिहिलं नाही. इंदुरात एवढी शांतता म्हणजे माणसं फार दुखावली आहेत असं समजायचं.

ज्यांच्याकडे मी अडचण आली की जाते ते एक माजी प्रांतपाल आहेत. ते म्हणाले, "पत्र कशाला लिहिलंस? तुला त्यांच्याकडे चहाला जायला काय झालं होतं?" मी म्हटलं, सात ठिकाणी चहा प्यायचा? "सात नाही. जिथे किल्ल्या आहेत तिथे. किल्ल्या अध्यक्षांकडे आहेत असं तुला कोणी सांगितलं?"

खरंच, नव्हत्या. १७ मशिनांच्या किल्ल्या प्रत्यक्षात नऊ माणसांकडे होत्या आणि त्यांत त्या वर्षाचा अध्यक्ष एकच होता. बाकी माजी अध्यक्ष, एक माजी सचिव, एक शाळेचा शिपाई आणि एका सभासदाच्या पत्नी. (क्लबात यांना आम्ही अजून "ॲन" म्हणतो. १९८९ पासून रोटरीत बायका रीतसर सभासद होऊ शकतात, पण हा शब्द काही जात नाही.) मी ज्या सात लोकांना जेवायला घातलं होतं त्यांच्या हातात द्यायला काही नव्हतंच.

काका

सगळ्यात जुन्या क्लबातली दोन मशिनं काकांकडे होती. काका एका कापड गिरणीत अभियंता होते. गिरणी गेली तेव्हा नोकरी गेली, मग पंपांचा व्यवसाय केला. वय तेव्हा एकोणऐंशी. क्लबाचे अध्यक्ष मला आधीच म्हणाले होते, "ते देणार नाहीत. फार हट्टी आहेत. तुम्ही नादी लागू नका."

मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेले. त्याच दिवसांत हुकुमचंद मिलच्या कामगारांची तीस वर्षांहून जास्त काळ अडकलेली देणी एकदाची चुकती झाली होती. काकांकडे पेपर उघडाच होता. मिल १९९१ मध्ये बंद पडली तिथपासून त्यांनी सुरुवात केली आणि अर्धा तास तेच बोलले. किती जणांना पैसे मिळाले, किती जण तोवर गेले, कोणाच्या सुना रांगेत उभ्या राहिल्या. मी घड्याळ पाहत नव्हते असं म्हणणार नाही. मशिनाचा विषय मी काढलाच नाही. त्यांनीच काढला.

"तुम्ही पट्टी काढायला आलात ना?"

मला कळेना. त्यांनी आतल्या खोलीत नेलं. खिडकीजवळ मशीन होतं, पिशवीबिशवी काही नाही, पुसून लख्ख. पुढच्या बाजूला चार स्क्रूनं बसवलेली पितळी पट्टी, तिच्यावर काकूंचं नाव आणि एप्रिल २०२१ मधली एक तारीख. त्या रात्री सात ठिकाणी फोन केले, म्हणाले. आठव्या ठिकाणाहून मशीन निघालं तेव्हा उशीर झाला होता. पुढच्या महिन्यात त्यांनी दोन मशिनं घेऊन क्लबाला दिली. वर्षभरात एकाची पट्टी कोणीतरी काढली आणि तिथे रोटरीच्या त्या वर्षीच्या बोधवाक्याचा स्टिकर लावला. तेव्हा काका जाऊन दोन्ही मशिनं घरी घेऊन आले.

माझ्या पत्रात लिहिलं होतं : सर्व साहित्यावर झोनचा एकसारखा स्टिकर लावण्यात येईल.

दुसरं मशीन, पट्टी गेलेलं, त्यांनी त्याच दिवशी दिलं. माझ्या गाडीपर्यंत स्वतः ढकलत आणलं. काकूंच्या नावाचं नाही. मीही मागितलं नाही. पण मोजायचं यंत्र गाडीत होतं म्हणून विचारलं, बघू का? ९५ आलं. सात क्लबांतलं सगळ्यात चांगलं मशीन. "रविवारी दुपारी तासभर लावून ठेवतो," काका म्हणाले, "घरात आवाज राहतो."

ज्याला सगळे अडवून धरणारा म्हणत होते त्या एकाच माणसानं यंत्र कसं सांभाळायचं ते ओळखलं होतं. आठवड्याला एक तास चालवायचं, हा आमचा पुढचा नियम काकांच्या रविवारवरून आला. नियम लिहिताना मी त्यांचं नाव घातलं नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

कायदा आडवा आला, ते बरं झालं

जानेवारीत आणखी एक गाठ निघाली. एका क्लबाच्या ट्रस्टकडची चार मशिनं परदेशातल्या जोडीदार क्लबाच्या पैशातून आली होती. त्यांचे कोषाध्यक्ष सीए. ते मला शांतपणे म्हणाले, "ताई, तुमच्या खोलीत मी हे ठेवू शकत नाही. नावावर तर करूच शकत नाही." २०२० च्या सप्टेंबरात विदेशी अंशदान कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून परदेशातून आलेली देणगी, मग ती पैशात असो की वस्तूत, एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. रुग्णाला वापरायला देणं हे ट्रस्टचं काम. ते ट्रस्टनंच आपल्या नावानं करायचं. मी बँकेतली असून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काकांची पट्टी आणि कोषाध्यक्षांचं कलम, दोन्ही एकच सांगत होते. वस्तू हलवू नका, नाव बदलू नका. मग एकत्र काय आणायचं? माहिती आणि किल्ली. बाकी काही नाही.

रोटरॅक्टच्या, म्हणजे रोटरीच्या तरुण शाखेच्या, मुलांनी उत्साहानं एक ऑनलाइन तक्ता बनवला. सगळ्यांना त्यात लिहायची मुभा. तीन आठवड्यांत एकाच मशीनचे दोन पत्ते आणि एका व्हीलचेअरचे चार मालक झाले. मी तक्ता बंद केला आणि दोनशे पानी आडवी वही आणली. रकाने : क्रमांक, मालक क्लब, देणगीदाराचं नाव जसं पट्टीवर असेल तसं, ठिकाण, पहिली किल्ली, दुसरी किल्ली, शेवटचं कधी चालवलं, शुद्धता, तासांचा काटा.

दुसऱ्या किल्लीवरून जेवढं भांडण झालं तेवढं पैशावरूनही झालं नाही. अट होती की ती सध्याच्या पदाधिकाऱ्याकडे नको. कपाटाजवळ राहणाऱ्या, जुलैत न बदलणाऱ्या माणसाकडे हवी. "म्हणजे तुमचा आमच्यावर विश्वास नाही?" मी सांगून थकले की विश्वासाचा प्रश्न नाही, रात्री अकराचा आहे. एका क्लबानं किल्ली मंदिराच्या पुजाऱ्यांकडे ठेवली, एकानं औषधाच्या दुकानात. औषधाचं दुकान सगळ्यांत उत्तम. रात्री उशिरापर्यंत उघडं, आणि चिठ्ठी वाचता येते.

चिठ्ठीची अट मी सोडली नाही. मिनिटाला किती लिटर हे डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय मशीन द्यायचं नाही. फुप्फुसाच्या काही जुन्या रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर अंगात कार्बन डाय-ऑक्साइड साचतो आणि माणूस गुंगीत जातो. "थोडं वाढवून देऊ, बरं वाटेल" ही घरच्यांची माया घातक ठरू शकते. दोनदा यावरून मला शिव्या बसल्या.

अनामत तीन हजार. झाबुआ-अलीराजपूरकडून एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, आलेल्या माणसानं तीन हजार कुठून आणायचे? त्यांच्यासाठी अनामतीऐवजी इंदुरातला एक ओळखीचा जामीन. एका क्लबात वर्षानुवर्षं परत न नेलेल्या अनामती देणगी म्हणून जमा करून टाकल्या होत्या. ते थांबवलं. अनामत हे देणं आहे, उत्पन्न नाही. हे सांगताना माझा तपासणीचा आवाज निघाला असेल, पण तिथे तो चालून गेला.

वही कोणाकडे

माझ्याकडे ठेवली तर जूनमध्ये संपली. एका क्लबाकडे ठेवली तर बाकी सहा रुसले.

आमच्या भागात एक जुनं मराठी वाचनालय आहे. संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं, टेलिफोन आहे आणि ग्रंथपाल ताई आहेत, ज्या कोणत्याच क्लबाच्या सभासद नाहीत. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नेलेलं परत न आणणाऱ्या माणसांची मला चाळीस वर्षांची सवय आहे. तुमचं काय न्यायचं, पुस्तकाऐवजी मशीन, एवढंच ना?" आठनंतर फोन त्यांच्या मोबाइलवर वळवायचा, आणि त्यांना दरमहा दीड हजार, सातांनी वाटून.

"बाहेरच्या बाईंच्या हाती आपली वही?" हा आक्षेप आला. "मराठी वाचनालयात सिंधी, जैन, बोहरा माणूस फोन करेल का?" हाही आला, आणि तो विचार करण्यासारखा होता. आमच्या क्लबांत घरी मराठी किंवा मारवाडी किंवा गुजराती, सभेत हिंदी आणि वर पाठवायच्या पत्रात इंग्रजी असा रिवाज आहे. पण ताई फोन उचलताना "हाँ भिया, बोलो" म्हणतात आणि माळवीत दटावतात. आठवड्यात तो प्रश्न मिटला. दीड हजारांचा मिटला नाही. पाच क्लबांनी दिले, दोघांनी "पुढच्या बोर्डात घेऊ" असं म्हणत वर्ष काढलं.

फेब्रुवारीत एकच काम मी वेळेवर केलं. पुढच्या जुलैत येणाऱ्या अध्यक्षांना, त्यांचं प्रशिक्षण व्हायच्या आधी, घरी जाऊन भेटले. सातांपैकी पाच भेटले. चालू अध्यक्षाची डायरी जुलैतच भरलेली असते. पदग्रहणाचा हॉल, पाहुणे, वर्षाचे प्रकल्प, सगळं ठरलेलं. त्यात मी डिसेंबरात माझं ओझं टाकायला गेले होते. फेब्रुवारीतला होऊ घातलेला अध्यक्ष मात्र बायकोला विचारत असतो की वर्षभर करू तरी काय. त्या पाचांकडे मी दोनच गोष्टी मागितल्या. वर्षाच्या आराखड्यात साहित्याची एक ओळ, आणि दुसऱ्या किल्लीच्या माणसाचं नाव. पाचांनीही दिली. हे मला एक वर्ष आधी सुचायला हवं होतं, मी स्वतः नियुक्त होऊन बसले होते तेव्हा. तेव्हा मी बॅनरचे रंग ठरवत होते.

प्रांतपालांची अधिकृत भेट मार्चमध्ये झाली. त्यांना "केंद्राचं" उद्घाटन करायचं होतं. केंद्र नव्हतंच, एक वही होती. शेवटी वाचनालयातल्या लोखंडी कपाटाला, ज्यात ती वही आणि सुट्या नळ्या ठेवतात, लाल फीत बांधली. फोटो चांगले आले. सातही अध्यक्ष फोटोत आहेत, पैसे न देणारे दोघे अगदी मधे.

जुलै

२०२४ च्या जुलैत नवं बोधवाक्य आलं, पिना बदलल्या, बॅनर बदलले. माझ्या जागी आलेले गृहस्थ भले आणि हुशार. त्यांना वहीऐवजी ॲप हवं होतं. क्लबांकडून दर महिन्याला येणारे शुद्धतेचे आकडे तीन महिने आलेच नाहीत. एका क्लबाच्या नव्या अध्यक्षांनी कपाटाचं कुलूप बदललं. मनात वाईट काही नव्हतं, जुनं गंजलं होतं. दुसरी किल्ली निकामी झाली आणि ते सप्टेंबरात, गरज पडली तेव्हाच कळलं. दोन क्लब वहीतून बाहेर पडले. त्यांतला एक पैसे न देणारा, दुसरा नियमित देणारा, ज्याचा मला अजूनही नीट उलगडा झालेला नाही.

पण वाचनालयाला जुलै नसतो. ताई फोन उचलत राहिल्या. जानेवारी ते जून २०२४ मध्ये मशिनं ३१ वेळा गेली होती. पुढच्या बारा महिन्यांत, क्लब दोन कमी होऊनही, ५८ वेळा. तीन परत आली नाहीत, एक विजेचा दाब वाढून जळालं. खराब निघालेल्या सहांपैकी चारांचे खडे बदलून घेतले. उरलेली दोन दुरुस्तीच्या लायकीची नव्हती, ती मोडीत काढायला क्लबाला दीड वर्ष लागलं, कारण त्यांवर देणगीदाराचं नाव होतं.

एक माजी अध्यक्ष मला अजून सुनावतात की मी क्लबांचं काम क्लबांबाहेर नेलं. अशानं सभासदांना करायला काय उरलं? त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पूर्वी व्हीलचेअर पोहोचवायला सभासद स्वतः जायचे, त्या घरात चहा व्हायचा, कधी त्या घरातला मुलगा पुढे क्लबात यायचा. आता औषधवाला किल्ली देतो, रिक्षावाला मशीन नेतो. काम जास्त होतं, ओळखी कमी होतात. यावर मी एकच तोडगा काढू शकले : पावतीवर देणगीदाराचं आणि क्लबाचं नाव छापायचं आणि मशीन परत करताना त्या घरानं देणगीदाराला एक फोन करायचा. निम्मे करतात.

वहीत नऊ नंबरच्या ओळीत काकूंचं मशीन आहे. ठिकाण : काकांचं घर. पहिली किल्ली : काका. दुसरी किल्ली : नाही. मालक क्लबाच्या रकान्यात क्लबाचं नाव आहे, कारण कागदोपत्री ते क्लबाचंच आहे. आतापर्यंत ते दोनदा बाहेर गेलं, दोन्ही वेळा काकांनी स्वतः नेलं आणि स्वतः आणलं. शुद्धता मोजायचं यंत्र त्यांनी आता विकत घेतलंय. सोमवारी संध्याकाळी ते वाचनालयात फोन करून रविवारचा आकडा सांगतात आणि ताई तो लिहून घेतात. गेल्या सोमवारी मी तिथेच होते. ९४ लिहिलं. मग ताईंनी विचारलं, जेवलात का?